सिटी हॉलचे वळण : टेबलावरची भुयारी रेल्वे आणि एक बंद स्थानक

१/ २७ ऑक्टोबर १९०४. न्यूयॉर्कचे महापौर जॉर्ज मॅक्लेलन यांनी सिटी हॉल स्थानकातून आयआरटी भुयारी रेल्वेची उद्घाटनाची गाडी हाकली. गाडी सुरू करून त्यांनी हँडल चालकाच्या हाती द्यावे, असा बेत होता; महापौर मात्र १०३ व्या रस्त्यापर्यंत स्वतःच गाडी चालवत राहिले. ३१ डिसेंबर १९४५ रोजी हेच स्थानक प्रवाशांसाठी कायमचे बंद झाले.

२/ हे स्थानक या मार्गाचे भूषण होते. वास्तुरचना हाइन्स आणि लाफार्ज यांची. राफाएल ग्वास्ताविनो यांच्या पद्धतीच्या कौलफरशीच्या कमानी, रंगीत काचांची तावदाने, पितळी झुंबरे. मग ते का बंद पडले? घरी त्याची प्रतिकृती उभारू पाहणाऱ्याच्या हाताला याचे उत्तर लवकर लागते.

३/ हौशी मंडळींमध्ये रूढ असलेले ‘एचओ’ प्रमाण म्हणजे १:८७. आगगाडीच्या मार्गावरील ३०० मीटर त्रिज्येचे वळण या प्रमाणात जवळपास साडेतीन मीटरचे होते. खोलीत ते मावत नाही, म्हणून बहुतेकांना वळण खोटे, म्हणजे आवळून दाखवावे लागते.

४/ सिटी हॉलचे वळण मुळातच आवळलेले होते : त्रिज्या सुमारे ४५ मीटर. एचओत ती सुमारे ५२ सेंटिमीटर भरते. खेळण्यातल्या संचांत सर्रास मिळणाऱ्या वळणाची त्रिज्या १८ इंच, म्हणजे ४६ सेंटिमीटर असते. चार फूट बाय आठ फुटांच्या प्लायवूडवर हे वळण कोणतीही लबाडी न करता बसते.

५/ इतके आकुंचित वळण घेण्याचे कारण सोपे होते. गाडी इथे फेरा घेऊन पुन्हा उत्तरेकडे निघे. इंजिन वा चालक यांची टोके बदलण्याची गरज उरत नसे. फलाटही त्याच फेऱ्यावर होता, म्हणून तोही वक्र.

६/ आता टेबलावर डबा ठेवावा. १९०४ चा डबा सुमारे साडेपंधरा मीटरचा; प्रतिकृतीत १८ सेंटिमीटर. फलाटाची कड हा वर्तुळाचा कंस आणि डब्याची बाजू ही जीवा. कंस आणि जीवा यांच्यामधली फट मध्यभागी सर्वांत रुंद असते. आरंभीच्या डब्यांना दारे फक्त टोकांना होती, तोवर ती फट कोणाच्या पायात आली नाही.

७/ गर्दी वाढली. चढउतार वेगाने व्हावी म्हणून डब्यांच्या मधोमध दारे आली, गाड्याही लांबल्या. मधले दार आणि फलाट यांच्यात धोक्याचे अंतर उघडे पडले. टेबलावर ते जेमतेम काही मिलिमीटर असते, पण पुठ्ठ्याची कड कितीही घासली तरी जात नाही. फलाट पुढे आणला तर डब्याची टोके त्याला घासतात.

८/ त्यात जवळच ब्रुकलिन ब्रिज स्थानक होते. तिथे जलद आणि धीम्या दोन्ही गाड्या थांबत, त्यामुळे सिटी हॉलला प्रवासी थोडेच येत. इतक्या थोड्यांसाठी फलाट नव्याने बांधणे परवडणारे नव्हते.

९/ भुयाराची प्रतिकृती करणाऱ्यापुढे आणखी एक पेच असतो : जे जमिनीखाली आहे ते दाखवायचे कसे? उपाय वास्तुशास्त्रातल्या छेदचित्राचा. प्रेक्षकाच्या बाजूची भिंत गाळायची, कमान अर्धी कापायची. मग त्या कापलेल्या कडेवरच काळ निवडावा लागतो. टोकाच्या दारांचे डबे ठेवले, तर १९०४. मधल्या दारांचे ठेवले, तर स्थानकाचे अखेरचे दिवस. फलाट तोच, कमानीही त्याच.

१०/ मूळ वळण आजही वापरात आहे. ‘६’ क्रमांकाची गाडी ब्रुकलिन ब्रिजनंतर या स्थानकातून फेरा घेते आणि परतते. ज्या फेऱ्याने स्थानकाला फलाट दिला, त्यानेच त्याचे प्रवासी नेले. आणि तोच फेरा त्याला अजून गाडी दाखवतो. दारे मात्र उघडत नाहीत.