ध्वनिफीत की स्ट्रीमिंग? घरगुती स्टिरिओवरील कसोटी

जुन्या कॅसेटचा आवाज आजच्या स्ट्रीमिंगपेक्षा गोड आणि उबदार असतो, असे मत संगीतप्रेमींच्या गप्पांत हमखास ऐकू येते. दुसरीकडे, कॅसेट म्हणजे निव्वळ खरखर, असे म्हणणारेही कमी नाहीत. दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र घरातल्या स्टिरिओवर ही तुलना करताना नेमके काय पारखले जात आहे, याचा विचार क्वचितच होतो.

फितीवरचा आवाज

फिलिप्स कंपनीने १९६३मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात कॉम्पॅक्ट कॅसेट सादर केली. तिच्यातील फीत चार मिलिमीटरहूनही अरुंद असून ती सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या गतीने सरकते. स्टुडिओतील मोठ्या चकत्यांवरची फीत अनेकदा सेकंदाला ३८ सेंटिमीटर, म्हणजे आठपट वेगाने फिरत असे. अरुंद फीत आणि कमी वेग यांमुळे कॅसेटमध्ये पार्श्वभूमीला सतत सरसर ऐकू येते. ती कमी करण्यासाठी १९६८मध्ये 'डॉल्बी बी' ही पद्धत आली.

मग उबदारपणा कुठून येतो? फितीवरील चुंबकीय कण ठरावीक मर्यादेपलीकडे अधिक चुंबकित होऊ शकत नाहीत. त्यामुळे तबल्याची जोरकस थाप किंवा गायकाचा चढा स्वर फितीवर किंचित दबून, गोलाई घेऊन उमटतो. त्यात मूळ ध्वनीत नसलेल्या काही उपस्वरांची भर पडते आणि अतितार स्वर सौम्य होतात. कानाला हे सुखावते. पण ती फितीने घातलेली भर असते, मूळ गायनातील गुण नव्हे.

अंकांतील आवाज

१९८२मध्ये बाजारात आलेल्या सीडीवर ध्वनीचे दर सेकंदाला ४४,१०० नमुने १६ बिटमध्ये नोंदवले जातात. तिच्यातील सर्वांत मंद व सर्वांत मोठ्या आवाजातील अंतर सुमारे ९६ डेसिबल असते. साध्या कॅसेटमध्ये ते ५० ते ६०च्या आसपास राहते. डिजिटल ध्वनी 'तुटक' असतो, हा समज चुकीचा आहे. पुरेशा वेगाने घेतलेल्या नमुन्यांतून माणसाला ऐकू येणारी मूळ ध्वनिलहर पुन्हा अखंड उभी करता येते.

स्ट्रीमिंगमध्ये मात्र प्रत वेगवेगळी असते. सीडीला सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट माहिती लागते. अनेक सेवांची नेहमीची प्रत ३२० किलोबिट किंवा त्याहून कमी असते आणि कानाला जाणवणार नाही असा अंदाज असलेला भाग तीत वगळला जातो. अ‍ॅपल म्युझिकने २०२१मध्ये, तर स्पॉटिफायने २०२५मध्ये काही वगळलेले नसलेली प्रत देण्यास सुरुवात केली. ती ब्लूटूथवरून ऐकल्यास बहुधा पुन्हा संकोचन होते, हे लक्षात ठेवावे.

तुलना कशी करावी?

अनेकदा फरक माध्यमाचा नसून संपादनाचा असतो. तेच गीत नव्याने काढताना त्याचा आवाज कृत्रिमरीत्या वाढवलेला असेल, तर जुनी कॅसेट अधिक मोकळी वाटते. म्हणून स्ट्रीमिंगवरचेच गाणे फितीवर मुद्रित करून दोन्ही आळीपाळीने ऐकावे. दोन्हींची पातळी समान ठेवावी, कारण किंचित मोठा आवाजही कानाला सरस वाटतो. कोणते वाजते आहे, हे ऐकणाऱ्याला सांगू नये. तत्पूर्वी डेकचे हेड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे आणि डॉल्बीचे बटण मुद्रणाच्या वेळी होते तसेच ठेवावे. अशा कसोटीत अचूकतेच्या बाबतीत डिजिटल प्रत सरस ठरते. आवडीचा प्रश्न उरतोच.

जे स्ट्रीमिंगवर नाही

तथापि, खरा प्रश्न वेगळाच आहे. घरोघरीच्या कपाटांत अशा कॅसेट आहेत, ज्यांची दुसरी प्रत कुठेही नाही. खासगी बैठकीतील गाणे, रेडिओवरून टिपलेली मैफल, आजीच्या आवाजातील ओव्या कोणत्याही स्ट्रीमिंग सेवेवर सापडणार नाहीत. दमट हवेत फितीला बुरशी लागते, कणांना धरून ठेवणारा लेप कमकुवत होतो, फितीला हेडवर दाबणारी छोटी गादी निखळते. चांगल्या स्थितीतील डेकही दुर्मिळ होत चालले आहेत. सोनीने जपानमधील कॅसेट वॉकमनची विक्री २०१०मध्येच थांबवली.

त्यामुळे अशा फिती प्रथम वेगळ्या काढाव्यात. चुकून त्यावर मुद्रण होऊ नये म्हणून कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन प्लास्टिकचे तुकडे मोडावेत. बुरशी दिसल्यास फीत घरी न वाजवता जाणकाराकडे द्यावी. इतर फिती एकदा पूर्ण पुढे व मागे गुंडाळून, डेकमधून थेट संगणकावर किमान ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट या प्रतीत उतरवाव्यात. एमपी३ऐवजी वेव्ह स्वरूप निवडावे आणि दोन प्रती दोन वेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात. सरसर काढण्याचा मोह मूळ प्रतीवर टाळावा. ते काम दुसऱ्या प्रतीवर केव्हाही करता येते. मूळ कॅसेटही टाकून न देता कोरड्या, थंड जागी, स्पीकरच्या चुंबकापासून दूर उभी ठेवावी.