लेसर नमन, धातुपत्र्यांचे

साचा वा दाबयंत्र न वापरता, लेसर शलाकेच्या उष्णतेमुळे पत्र्यात निर्माण होणाऱ्या प्रतिबलांच्या साहाय्याने त्यास बाक देण्याच्या पद्धतीला लेसर नमन म्हणतात. हिचे मूळ जहाजबांधणीत आहे. जहाजाच्या कवचाचे जाड पत्रे ज्योतीने ठराविक रेषांवर तापवून व पाण्याने निववून वाकविण्याची रीत जपानी गोद्यांत विशेष विकसित झाली. रेषा कोठे आखावयाची व ज्योत किती वेगाने न्यावयाची हे मुरलेल्या कारागिराच्या नजरेवर अवलंबून असे आणि ती नजर येण्यास वर्षे लागत. ज्योतीची उष्णता पसरते व नीट मोजता येत नाही. लेसर शलाकेची शक्ती, व्यास व वेग मात्र हवे तसे ठरविता येतात. म्हणून 1980 नंतर संशोधक लेसरकडे वळले. जहाजांच्या पत्र्यांसाठी लेसर वापरण्यासंबंधीचा स्कली यांचा अभ्यास 1987 मध्ये प्रसिद्ध झाला.

शलाका पडताच वरचा थर प्रसरण पावू पाहतो, परंतु खालचा थंड भाग त्यास अडवितो. पत्रा प्रथम शलाकेपासून किंचित दूर वाकतो आणि तापलेला थर जागीच कायमचा दाबला जातो. निवताना तो थर आखूड होतो व पत्रा शलाकेच्या दिशेने वर उचलला जातो. ही तापमान-उतार यंत्रणा होय. पातळ पत्र्यावर रुंद शलाका सावकाश फिरविल्यास संपूर्ण जाडी तापून पत्रा फुगतो आणि तो कोणत्याही बाजूस वाकू शकतो.

जर्मनीतील गायगर व फोलर्टसेन यांनी 1993 मध्ये या यंत्रणांची सुसंगत मांडणी केली. फोलर्टसेन यांच्या द्विस्तर प्रतिकृतीनुसार नमनकोन हा शोषिलेली शक्ती व प्रसरणांक यांच्या सम प्रमाणात, तर वेग, घनता, विशिष्ट उष्णता व जाडीचा वर्ग यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. जाडी दुप्पट केल्यास कोन चौथा हिस्सा उरतो. हे सूत्र सुटसुटीत आहे, पण त्यात धातूच्या बलाला स्थानच नाही. शिवाय शोषणांक स्थिर नसतो. कार्बन डाय-ऑक्साइड लेसरचा बहुतांश प्रकाश स्वच्छ पोलादी पृष्ठ परावर्तित करते, म्हणून ग्रॅफाइटचा लेप देतात. तो लेप फेऱ्यांगणिक जळत जातो व प्रत्येक फेरीतील कोन घटतो.

या उणिवांमुळे संगणकावरील सांत घटक पद्धतीचा अवलंब झाला. तीत तापमान व विरूपण क्षणाक्षणाला काढता येतात, मात्र गणनेस फार वेळ लागतो. खरी अडचण उलट प्रश्नाची आहे : हवा तो आकार दिला असता रेषा, शक्ती व वेग शोधणे. एकाच आकाराकडे अनेक मार्ग जात असल्याने येथे इष्टतमीकरण अपरिहार्य ठरते. कोलंबिया विद्यापीठातील याओ व त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 च्या सुमारास यासाठी जननिक गणनविधी वापरला. दुहेरी वक्रतेच्या पृष्ठांत तर पत्रा केवळ वाकवून भागत नाही, त्याच्या प्रतलातही आकुंचन घडवावे लागते. हे काम गोदीतील कारागीर अंदाजाने करीत आले होते.

मोठ्या प्रमाणावरील उत्पादनात ही पद्धती दाबयंत्रापुढे मंद ठरते. मोजक्या नगांसाठी आणि जुळणीनंतर सूक्ष्म भागांचा कोन किंचित सुधारण्यासाठी ती सोयीची आहे.