वाड्याचं दार आतूनच उघडतं

तुमचा फोन घरच्या वाय-फायला जोडलेला असेल, तर सेटिंगमध्ये जाऊन त्याचा आयपी पत्ता बघा. बहुतेक तो १९२.१६८ ने सुरू होत असेल. आता शेजाऱ्यांकडचा फोन बघा. तिथंही तेच. जगातल्या कोट्यवधी घरांत असलेच पत्ते आहेत. मग बाहेरून आलेला पाहुणा नेमका तुमच्याच घरी कसा पोचणार?

मानोऱ्यात मला हा प्रश्न पडला तो एका जुन्या लॅपटॉपमुळे. होळीला तांड्यांवर म्हटल्या जाणाऱ्या लेंगी गीतांची रेकॉर्डिंग मी काही वर्षं जमवतो आहे. गाणारी माणसं आता थकली आहेत, काही तर गेलीसुद्धा. त्यांना मी शब्द दिला होता, की गाणी आपल्याच तालुक्यात, माझ्या घरच्या मशीनवर राहतील आणि नको म्हणाल त्या दिवशी काढून टाकीन. लॅपटॉपवर लिनक्स टाकलं, वेब सर्व्हर चालू केला. घरातल्या घरात पान झकास उघडलं. बाहेरून मात्र ठप्प. इंटरनेटवाल्याचं उत्तर एका ओळीचं होतं: घरगुती कनेक्शनवर बाहेरून येणारे पोर्ट बंदच असतात.

पण असतात का बंद? त्याला इतिहास आहे.

वेबचा जन्मच मुळी एका माणसाच्या टेबलावर झाला. १९९० च्या अखेरीस जिनिव्हाजवळच्या सर्न संस्थेत टिम बर्नर्स-ली यांच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर जगातला पहिला वेब सर्व्हर चालू झाला. हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका, अशी लाल शाईतली चिठ्ठी त्यावर चिकटवलेली होती. कॉम्प्युटरला ६५,५३५ दारं असतात, त्यांना पोर्ट म्हणतात. वेबच्या वाट्याला ८० नंबरचं दार आलं. तेव्हाची कल्पना साधी होती: जो वाचतो, त्याला आपल्या मशीनवरून लिहिताही यावं.

दार बंद करायला पहिलं मोठं निमित्त मिळालं २००१ च्या जुलैमध्ये. कोड रेड नावाचा किडा याच ८० नंबरच्या दारातून मायक्रोसॉफ्टच्या वेब सर्व्हरमध्ये शिरला आणि चौदा तासांच्या आत साडेतीन लाखांहून जास्त मशीन त्यानं धरली. अमेरिकेतल्या काही केबल इंटरनेट कंपन्यांनी घरगुती ग्राहकांकडे येणारं हे दारच बंद केलं. पुढं नको असलेल्या मेलचा पूर आवरायला २५ नंबरवरही कुलूप आलं. साथ ओसरली, पण कुलपं बऱ्याच ठिकाणी तशीच राहिली. ती कंपन्यांच्याही सोयीची होती. सर्व्हर चालवायचा असेल तर महागडं व्यावसायिक कनेक्शन घ्या, असं म्हणता येत होतं.

आपल्याकडे तर सुरुवातच पहाऱ्यात झाली. १५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलनं सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आणलं. १९९८ पर्यंत या धंद्यात दुसरं कुणी नव्हतं. इंटरनेटवरून फोन करता येतो म्हटल्यावर एसटीडी-आयएसडीच्या कमाईवर गदा येणार होती, म्हणून तशा साइट अडवल्या गेल्या आणि प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली ती १ एप्रिल २००२ पासून. आज व्हॉट्सअॅपवर पुण्याच्या भावाशी तासभर बोलताना हे आठवतही नाही.

ब्रॉडबँड आलं तेही एकीकडे झुकलेलं. एडीएसएल या नावातला पहिला शब्दच असमान असा आहे: येणारा रस्ता रुंद, जाणारा अरुंद. ग्राहक घेणारा, देणारा नव्हे, हे तारेतच ठरून गेलं.

आणि मग पत्तेच संपले. जुन्या आयपी पद्धतीत पत्ते सुमारे ४२९ कोटी. ३ फेब्रुवारी २०११ ला जागतिक साठ्यातले शेवटचे गठ्ठे वाटले गेले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आशियाचा साठाही तळाला गेला. त्यावर तोडगा वाड्याचा निघाला. वाड्याला घरनंबर एकच, आत बिऱ्हाडं शेकडो. आतल्यानं बाहेर निरोप धाडला, तर देवडीवरचा रखवालदार नोंद ठेवतो आणि उत्तर बरोबर त्याच बिऱ्हाडात देतो. पण अनोळखी पाहुणा थेट दारात आला, तर तो कुणाकडे आलाय हे रखवालदाराला माहीतच नसतं. तो त्याला परत पाठवतो. या वाड्यांसाठी २०१२ मध्ये वेगळे पत्ते राखून ठेवले: १००.६४ ते १००.१२७. राउटरच्या पानावर वॅनसमोर असा आकडा दिसला, तर तुम्हीही वाड्यातलेच. मग राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, देवडीचं दार तुमच्या हातात नाही.

माझी वाट त्या नोंदवहीतूनच निघाली. बाहेर जायला तर बंदी नाही ना? मग घरच्या लॅपटॉपनंच मुंबईतल्या भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरला जोडणी लावायची आणि ती धरून ठेवायची. ऐकणारा मुंबईच्या दारात येतो, आणि त्या चालू जोडणीतून गाणं घरच्या लॅपटॉपवरून जातं. याला टनेल म्हणतात. गाणी घरातच आहेत, शब्द पाळला गेला आहे. लाइट गेली तर लॅपटॉपची जुनी बॅटरी आणि राउटरचा छोटा यूपीएस तासभर तग धरतात. पण याच तालुक्यातल्या पोहरादेवीहून कुणी ऐकलं, तरी गाणं मुंबईला जाऊन परत येतं. शेजारच्या घरी जायला मुंबईमार्गे!

खरा इलाज जुनाच आहे. आयपीव्ही६ चा आराखडा १९९५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. त्यात पत्ते इतके आहेत की वाड्याची गरजच नाही. २०१६ मध्ये जिओ आलं आणि भारतात हे पत्ते झपाट्यानं पसरले, तुमच्या फोनलाही कदाचित मिळाला असेल. पण पत्ता मिळाला म्हणून दार उघडलं असं नाही, बाहेरून येणारी जोडणी तिथंही अडवली जाऊ शकते.

म्हणून नवीन कनेक्शन घेताना स्पीड विचाराच, पण आणखी तीन गोष्टी विचारा. पब्लिक आयपी मिळेल का, आयपीव्ही६ आहे का, आणि बाहेरून आलेला पाहुणा माझ्या दारापर्यंत येऊ शकेल का? करारात घरी सर्व्हर चालवायला मनाई आहे का, तेही वाचा. विचारणारे वाढले, तरच रखवालदाराला जाब द्यावा लागेल. नाहीतर आपल्या गावची गाणीसुद्धा दुसऱ्याच्या ओट्यावर बसूनच म्हणावी लागतील.