तनखे, एक तृतीयांश मत आणि संसदेचं सार्वभौमत्व

ग्वाल्हेरात संस्थानी काळाचा विषय निघाला की कोणीतरी म्हणतंच, इंदिराबाईंनी एका सहीनं तनखे बंद केले. माझं म्हणणं असं की सही झाली, पण तनखे तिनं बंद झाले नाहीत. का झाले नाहीत, हे नीट समजून घेण्यासारखं आहे.

एप्रिल १९४८ मध्ये ग्वाल्हेर, इंदूर आणि आसपासच्या संस्थानांनी करार करून मध्य भारत संघ स्थापला. जिवाजीराव शिंदे राजप्रमुख झाले आणि नव्या राज्याची विधानसभा आपल्या मोतीमहालात भरू लागली. ग्वाल्हेरचा तनखा ठरला वर्षाला २५ लाख रुपये. पुढे राज्यघटनेच्या कलम २९१ नं अशा तनख्यांची हमी दिली.

आता प्रश्न हमीचा. इंग्लंडात डायसी या कायदेपंडितानं १८८५ मध्ये मांडलं की पार्लमेंट कोणताही कायदा करू शकतं, कोणताही मोडू शकतं, आणि आजचं पार्लमेंट उद्याच्या पार्लमेंटला बांधू शकत नाही. हेच आपल्याकडे लागू असेल, तर दिलेल्या शब्दाची किंमत काय?

५ सप्टेंबर १९७० ला तनखे रद्द करणारं घटनादुरुस्ती विधेयक राज्यसभेत मताला आलं. बाजूनं १४९, विरोधात ७५. एकूण २२४, त्याचे दोन तृतीयांश १४९.३३. माझा जन्म अभियांत्रिकीच्या आकडेमोडीत गेला. एवढा फरक आम्ही सोडून देतो. घटना सोडत नाही. विधेयक पडलं.

दुसऱ्याच दिवशी राष्ट्रपती गिरी यांच्या सहीनं सगळ्या संस्थानिकांची मान्यता सरसकट काढली गेली. माधवराव शिंदे आणि इतर काही संस्थानिक सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांच्या बाजूनं नानी पालखीवाला उभे राहिले. १५ डिसेंबर १९७० ला ११ न्यायाधीशांच्या पीठानं ९ विरुद्ध २ मतांनी तो आदेश रद्द ठरवला. संसदेत जे साधलं नाही, ते सरकारला आदेश काढून साधता येणार नाही, हा त्याचा सरळ अर्थ.

मग लोकसभा विसर्जित झाली. १९७१ च्या निवडणुकीत इंदिरा गांधींना प्रचंड बहुमत मिळालं आणि डिसेंबरात २६ व्या घटनादुरुस्तीनं तनखे संपले. गंमत अशी की त्याच लोकसभेत माधवराव स्वतः गुण्याहून निवडून आले होते.

म्हणजे अखेर संसदच सार्वभौम? तसंही नाही. १९७३ च्या केशवानंद भारती निकालानं सांगितलं की संसद घटना बदलू शकते, पण तिचा मूळ ढाचा मोडू शकत नाही. कुरुंदवाडचे रघुनाथराव गणपतराव यांच्या खटल्यात २६ वी दुरुस्ती याच कसोटीवर तपासली गेली आणि १९९३ मध्ये टिकली.

तनखे गेले ते योग्यच झालं असं मला वाटतं. पण सरदार पटेलांनी घटना समितीत ज्या हमीची बाजू मांडली होती, ती मोडायला सरकारला मतदारांपुढे जावं लागलं, दोन तृतीयांश मतं जमवावी लागली. हे फक्त राजेरजवाड्यांच्या कामाचं नाही. १९७१ मध्येच देवकीनंदन प्रसाद खटल्यात याच न्यायालयानं ठरवलं की सरकारी नोकराची पेन्शन ही कृपा नाही, मालमत्ता आहे. ती नुसत्या हुकमानं थांबवता येत नाही. लष्करातल्या एखाद्या निवृत्त कारकुनाला आणि जयविलासच्या महाराजांना एकच नियम लागला, तो असा.