‘काय करून राहिला बे?’ : नागपुरी ‘बे’ची गोष्ट

आजचा भाग हेडफोन लावूनच ऐका, कारण बोलता बोलता एकदोन शिव्या येणार आहेत. प्रश्न साधा आहे: नागपूरचं ‘बे’ ही शिवी आहे का?

आपलं रोजचं वाक्य घ्या. ‘काय करून राहिला बे?’ यातलं ‘बे’ म्हणजे हिंदीतलं ‘अबे’, पुढचा ‘अ’ गळालेलं. ‘करून राहिला’ हेही ‘कर रहा है’च्या साच्यातलं. पुण्यामुंबईत हे ऐकून लोक हसतात, ‘बिघडलेली मराठी’ म्हणतात. पण जरा नकाशा पाहा ना. १८६१ मध्ये इंग्रजांनी मध्य प्रांत केला, राजधानी नागपूर. १९०३ मध्ये वऱ्हाड त्याला जोडलं. जबलपूर, रायपूरचे हिंदी बोलणारे अन् नागपूर, चांद्याचे मराठी बोलणारे एकाच प्रांतात आले. १९५० मध्ये त्याचं मध्य प्रदेश झालं, तरी १९५६ पर्यंत राजधानी नागपूरच. म्हणजे ९५ वर्षं कचेरीत, बाजारात, शाळेत दोन्ही भाषा शेजारी शेजारी. मग ‘बे’ येणार नाही तर काय!

आता ‘भैताड’. अर्थ वेडपट, डोकं ठिकाणावर नसलेला. भांडणात हाच शब्द टोचतो. पण आई जेव्हा म्हणते, ‘भैताडा, आधी जेवून घे’, तेव्हा त्यात नुसती माया असते.

मायेनं शिवी घालायची ही रीत विदर्भात फार जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकात तिथे गोविंदप्रभू राहायचे, चक्रधरस्वामींचे गुरू. म्हाइंभटानं लिहिलेल्या त्यांच्या चरित्रात ते समोरच्याला ‘मर मेल्या’ अशा अर्थाचं काहीतरी सारखं म्हणत असतात. अन् भक्तांनी ते शब्द गाळले नाहीत, लिहून ठेवले. मराठीतल्या सगळ्यात जुन्या गद्यात हे आहे, मंडळी!

मग सगळंच चालतं का? नाही. ‘च्यायला’ घ्या. मूळ ‘तुझ्या आयला’. झिजत झिजत त्याचं ‘च्यायला’ झालं, ‘आयला’ झालं. आता विकेट पडली तरी आपण तेच म्हणतो, आई कोणाच्या डोक्यातही नसते. ‘भेंडी’चंही तसंच, बहिणीवरच्या शिवीवर घातलेलं भाजीचं झाकण. भांडण दोन पुरुषांचं, अन् शिवी घरातल्या बाईला.

आपली मारबतही बघा. काळी मारबत १८८१ पासून निघते, पिवळी १८८५ पासून. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी महागाई, भ्रष्टाचार, पुढारी, सगळ्यांचे बडगे निघतात अन् अख्खं शहर त्यांना मनसोक्त शिव्या घालतं. इथे शिवी वरच्याला जाते, हे भारी आहे. पण काळी मारबत म्हणजे इंग्रजांना सामील झालेली बाकाबाई भोसले, असं लोक सांगतात. राज्य गेलं त्याचा राग निघाला, तोही एका बाईवर.

‘बे’मध्ये असं काही नाही. त्यात ना आई, ना बहीण, ना कोणाची जात. नियम एकच: बरोबरीच्याला म्हणायचं. दोस्ताला चालतं, बाबांना म्हणून पाहा, काय होते ते कळेल! अनोळखी माणसाला म्हटलं तर तो अपमानच, कारण तिथे अजून बरोबरी ठरलेली नसते.

म्हणून बाहेरगावी शिकायला गेलेल्या आपल्या पोट्ट्यापोट्टींनो, कोणी हसलं म्हणून ‘बे’ गिळू नका. एखादा शब्द गिळायचाच असेल, तर ‘च्यायला’ गिळा.

भेटू पुढच्या भागात. तोवर तुमच्या गावचा असाच एखादा शब्द आम्हाला व्हॉइस नोटवर पाठवा बे!