‘गायतोंडेंची मैत्रीण’ एवढीच ओळख? प्रफुल्ला डहाणूकर कोण होत्या?

वासुदेव गायतोंडेंचं चित्र लिलावात कोट्यवधींना गेलं की त्यांच्यावरच्या पोस्ट फिरू लागतात. त्यात कधीतरी प्रफुल्ला डहाणूकर हे नाव येतं. ‘गायतोंडेंची मैत्रीण’ एवढं सांगून विषय पुढे सरकतो. पण त्या स्वतः काय करत होत्या?

माहेरच्या त्या प्रफुल्ला जोशी. जन्म १ जानेवारी १९३४, गोवा. मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५५ साली त्या सुवर्णपदक घेऊन बाहेर पडल्या. मग वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये गायतोंडेंसोबत एकाच स्टुडिओत काम सुरू झालं. ही जागा भारीच होती. एका खोलीत रविशंकरांची सतार, दुसरीकडे अल्काझींच्या नाटकाच्या तालमी, शेजारी हुसेन. गायतोंडे त्यांच्यापेक्षा सुमारे नऊ वर्षांनी मोठे. त्यांचा प्रभाव होताच, पण प्रफुल्लाताई तिथेच थांबल्या नाहीत.

१९६१ मध्ये फ्रेंच सरकारची शिष्यवृत्ती मिळाली आणि त्या पॅरिसला गेल्या. चित्रकलेसोबत ‘आतेलिए १७’ या स्टुडिओत प्रिंटमेकिंग, म्हणजे मुद्राचित्रण शिकल्या. स्टॅनली हेटर या इंग्रज कलावंताने १९२७ मध्ये सुरू केलेल्या या स्टुडिओत पिकासो, मिरो यांनीही काम केलं होतं. आपले कृष्णा रेड्डीही तिथलेच.

तिथली खासियत समजून घेण्यासारखी आहे. रंगीत छापासाठी एरवी प्रत्येक रंगाची वेगळी प्लेट लागते. इथे एकाच धातूच्या प्लेटवर कमी-जास्त खोलीचं कोरकाम करायचे. कडक रोलर फक्त वरच्या भागाला टेकतो, मऊ रोलर खोलगट भागापर्यंत पोचतो. शाईत तेल कमी-जास्त केलं की पातळ शाईवर घट्ट शाई बसत नाही. त्यामुळे रंग एकमेकांत कालवत नाहीत आणि एकाच दाबात बहुरंगी छाप निघतो.

नंतर त्यांची ओळख झाली ती ‘माइंडस्केप्स’ या चित्रांमुळे. जमीन, पाणी, आकाश असल्याचा भास होतो, पण ठरावीक ठिकाण सापडत नाही. फोनवर ही चित्रं नुसती सुंदर पार्श्वभूमी वाटतात, हा त्यांच्यावर अन्यायच. खरं चित्र समोर आलं तर जरा उभं राहून बघा. एका रंगाखालून दुसरा रंग हळूहळू वर येताना दिसतो. कॅनव्हासशिवाय त्यांनी मोठी भित्तिशिल्पंही केली.

मग नाव मागे का राहिलं? माझ्या मते एक कारण म्हणजे त्यांनी इतरांसाठी दिलेला वेळ. उद्योजक दिलीप डहाणूकर यांच्याशी लग्नानंतरही चित्रकला सुटली नाही. शिवाय जहांगीर आर्ट गॅलरी, आर्टिस्ट्स सेंटर अशा संस्थांमध्ये त्या वर्षानुवर्षं राबल्या, नवख्या चित्रकारांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. अशा कामाचा लिलाव होत नाही.

१ मार्च २०१४ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. त्यांच्या नावाचं फाउंडेशन आता तरुण कलावंतांना पुरस्कार देतं.