मुंबईची सार्वजनिक वाहतूक आणि ऊर्जेची निवड

मुंबईच्या सार्वजनिक वाहतुकीचा इतिहास बहुधा मार्ग व भाडे यांच्या अंगाने लिहिला जातो. वाहने कोणत्या ऊर्जेवर चालली, हा प्रश्न दुय्यम राहतो. १८७४ साली ट्राम सुरू झाली ती घोड्यांच्या बळावर. ७ मे १९०७ रोजी विजेची ट्राम धावू लागली. ही वीज कंपनीच्याच वाडीबंदर येथील केंद्रात तयार होई. वाहतूक व वीजपुरवठा एकाच संस्थेकडे असणे, हे या शहराचे वैशिष्ट्य होय.

१५ जुलै १९२६ रोजी अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस निघाली. बसला रूळ नकोत, तारा नकोत. मार्ग हवा तसा वळविता येतो. तेल मात्र विकत घ्यावे लागे.

दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न म्हणजे ट्रॉलीबस. ११ जून १९६२ रोजी ती गवालिया टँक ते माझगाव डॉक मार्गावर आली. रूळ गेले, तारा राहिल्या. पुढची गाडी बंद पडली की मागचीही खोळंबणार, हा या पद्धतीचा अंगभूत दोष. ३१ मार्च १९६४ रोजी ट्राम व मार्च १९७१ मध्ये ट्रॉलीबस बंद झाली. परिणामी १९७३ च्या तेलसंकटाच्या वेळी मुंबईच्या रस्त्यांवर विजेवर चालणारे एकही सार्वजनिक वाहन उरले नव्हते. तेल स्वस्त असतानाच्या निर्णयांची ही किंमत म्हणावी लागेल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये बेस्टची विजेवरील दुमजली बस रस्त्यावर आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये डिझेलवरील अखेरच्या दुमजली बसने निरोप घेतला. या वेळी डोक्यावर तारा नाहीत. बॅटरी गाडीतच असते.